दोर धरणारा मेहुणा

४ जुलै

फौजदार,

वर आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, आणि 'श्रीयुत' लिहावं इतका तू अजून परका झालेला नाहीस. म्हणून तू दहा वर्षांचा असताना मी ठेवलेल्या नावानंच सुरुवात करतो. मी पहिल्यांदा तुमच्या घरी आलो तेव्हा तू दार अडवून उभा होतास. काम काय करता, असं विचारलंस. मी म्हणालो, लिफ्ट चालवतो. तू म्हणालास, "म्हणजे बटणच दाबता ना?" घरात सगळ्यांना हसू फुटलं. तुझी ताई तेवढी हसली नाही. तिच्याशी लग्न करायचं मी तिथेच ठरवलं, आणि तू मोठा झालास की तुला हाताशी घ्यायचं, हेही.

काल परवाना कार्यालयात जाऊन आलो. परवाना रद्द झाल्याचं पत्र येऊन आठवडा झाला होता, पण त्यातली भाषा अशी की वाचणाऱ्याला आपण मेलो की जिवंत आहोत तेही कळू नये. तिथल्या कारकुनाच्या टेबलावरचा पंखा किरकिरत होता. मी तो उघडून पाच मिनिटांत गप्प केला. त्यानं खूश होऊन अख्खी फाइल माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः चहाला गेला.

फाइलमध्ये काय आहे ते तुला माहीतच आहे. तरी लिहितो, कारण मला ते एकदा माझ्या अक्षरात बघायचं आहे.

एप्रिलमध्ये त्या जुन्या पाच मजली इमारतीतली लिफ्ट दोन मजले घसरली आणि आतल्या निवृत्त मास्तरांचा पाय मोडला. देखभालीचा परवाना माझ्या नावावर. म्हणून १९ मे रोजी सकाळी अकराला मी स्वतः हजर राहून खुलासा करावा, नाहीतर एकतर्फी निकाल होईल, अशी नोटीस निघाली. ती ६ मे रोजी आपल्या ऑफिसात पोचली. पोचपावतीवर सही तुझी. त्याला जोडून तुझं निवेदन, तुझ्याच शब्दांत: दोर झिजल्याचं मी दाजींना सांगितलं होतं, त्यांनी बदलू दिला नाही. नोटीस घरी नेऊन त्यांच्या हातात दिली, माझ्या बहिणीसमक्ष. तरी ते चौकशी सोडून सहलीला निघून गेले.

आणि पुरावा म्हणून एक फोटो.

फोटोत मी डोंगरमाथ्यावर उभा आहे. मागे धुकं, खाली चहाचे मळे, आणि माझ्या खांद्याला तुझ्या ताईची तपकिरी पिशवी. तिला चढ झेपेना म्हणून मी घेतली होती. तू म्हणालास, "हसा दाजी, पिशवी शोभते तुम्हाला." मी हसलो. अगदी दाढा दिसतायत. चौकशीच्या फाइलमध्ये इतका खुशाल माणूस त्या कार्यालयानं आजवर पाहिला नसेल.

तो फोटो १४ तारखेचा, कार्यालयात पोचल्याची नोंद १५ ची. १५ ला तू टॉर्चचे सेल आणायला म्हणून खालच्या बाजारात गेलास. फोन लागायचा तो फक्त तिथेच. दोन तासांनी हात हलवत परत आलास. मी तुझ्या ताईला म्हणालो होतो, फौजदार आताशा विसरायला लागला.

येताना आपल्याच रस्त्यावर तुझ्या नव्या कंपनीची पाटी बघितली. रंग छान निवडलास. आपल्या पाटीचाच आहे.

अपिलाला पंचेचाळीस दिवस आहेत. मला एवढंच दाखवायचं आहे की ती नोटीस माझ्यापर्यंत कधी पोचलीच नाही. ते जमलं नाही, तर बत्तीस वर्षांपूर्वी ज्या स्टुलावरून उठलो त्याच स्टुलावर जाऊन बसायचं आणि बटण दाबायचं. तुझं म्हणणं तेवढं खरं करायचं.

दाजी


११ जुलै

फौजदार,

उत्तर नाही. ठीक आहे. मीच बोलतो, तू ऐक. उलटं फार वर्षं झालं.

सहलीची कल्पना तुझीच. अपघातानंतर मला झोप लागत नव्हती. मास्तर लिफ्टच्या फरशीवर बसलेले, चष्मा शोधतायत, हे डोळ्यांपुढून जात नव्हतं. तू म्हणालास, "दाजी, चौकशीला दोन महिने कोण हात लावत नाही. जरा झाडं बघा. आईलाही एकदा हत्ती बघायचाय." तुझ्या आईला हत्ती बघायचाय, हे तिला गाडीत बसल्यावर कळलं. सासूबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "अहो, मला कुठे हत्ती? मला तर मांजराचीसुद्धा भीती वाटते."

तरी मला ते दिवस आवडले. खोटं कशाला सांगू. त्या जंगलातल्या वाटाड्यानं पहिल्याच सकाळी जीप बंद करायला लावली आणि म्हणाला, इथे डोळ्यांचा उपयोग थोडा, कान लावा. मला म्हणजे कोणीतरी घरचा माणूस भेटला. मी आयुष्यभर दुसरं काय केलं? लिफ्टच्या मशीनरूममध्ये डोळे मिटून उभा राहिलो. दोरातली एक तार तुटली तरी चाकावरून जाताना ती टिक करते. शंभर तारांमधली ती एक टिक ऐकायची, यावर मी घर उभं केलं.

त्या दिवशी धनेश उडाला. लिफ्टच्या पोकळीत वारा भरावा तसा त्याच्या पंखांचा आवाज, पक्षी दिसायच्या आधी मी बोट दाखवलं. हत्तीही आधी मलाच सापडले. बांबूच्या पलीकडून पोटातली गुरगुर येत होती, मोठी मोटर सुरू व्हायच्या आधी घुमते तशी. वाटाड्या म्हणाला, "साहेबांचे कान जंगलातले आहेत." तू मागच्या सीटवरून म्हणालास, "आमच्या दाजींपासून काही लपत नाही हो." सासूबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ दोन दिवस होते.

आता १९ तारीख. सकाळी अकरा वाजता मी कुठे असायला हवा होतो ते आता कळलं. होतो कुठे, ते तुला माहीत आहे. मधवाल्यांच्या कड्यासमोर, खडकावर, पाय सोडून.

मध काढायला एक म्हातारा वेलींच्या दोरावरून दीडशे हात खाली उतरला होता. कमरेला टोपली, हातात धुराची जुडी, आणि तोंडानं सारखं गाणं. मला वाटलं, माश्यांना खूश करण्यासाठी. वाटाड्या म्हणाला, नाही, वरच्याला कळावं म्हणून. वर जो दोर धरून बसलाय त्याला खालचं काही दिसत नाही. गाणं अडखळलं की तो ओढायला लागतो.

मी विचारलं, वर कोण आहे? भाऊ?

"सख्खा भाऊ इथे चालत नाही," वाटाड्या म्हणाला. "दोर धरायचा तो बायकोच्या भावानं. सख्खा भाऊ उद्या वाटणीला बसेल. पण बायकोचा भाऊ आपल्या बहिणीला विधवा करणार नाही."

सगळ्यांच्या माना आपल्या दोघांकडे वळल्या. सासूबाई तुला म्हणाल्या, "ऐकलंस का रे?" आणि तू माझ्या गळ्यात हात टाकलास. म्हणालास, "मग काय दाजी, उतरा. मी धरतो."

हसता हसता सासूबाईंना ठसका लागला. मी तुझ्या हातावर थाप मारली. त्या हातात घड्याळ होतं आणि तू ते बघत होतास. मी विचारलं, परतायची वेळ झाली का? "नाही दाजी, सहज."

तुझी ताई त्या वेळी हसली की नाही, ते मला आठवत नाही. आठवतं. नव्हती हसली.

मध घेऊन वर आलेला तो म्हातारा नंतर आपल्याजवळ बसला होता. तू तेव्हा गाडीकडे गेला होतास. मी वाटाड्याकरवी त्याला विचारलं, मेहुण्याशी भांडण झालं तर रे बाबा? त्यानं एका वाक्यात उत्तर दिलं. ते आज लिहीत नाही.

दाजी


१२ जुलै

फौजदार,

काल पत्र टाकून आलो आणि पेटीत पडल्याचा आवाज झाला तेव्हाच कळलं, मुख्य गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, मी चुकवली.

१६ तारखेची संध्याकाळ. जंगलातल्या त्या बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात तू आणि ताई बसला होतात. मी आत आंघोळीला पाणी काढत होतो. नळ बंद केला आणि तुझा आवाज आला, "फक्त आणखी तीन दिवस, ताई." ती काहीतरी म्हणाली. तू म्हणालास, "त्यांच्याच भल्याचं आहे."

मला वाटलं, सहल लांबवायची म्हणतोयस. गंमत वाटली. अंगावर पाणी घेताना मी चक्क गुणगुणत होतो.

सोळा आणि तीन एकोणीस. एवढी बेरीज मला पहिल्यापासून येते.

ती काय म्हणाली ते मी ऐकलं नाही. ज्याला बांबूआडून हत्तीचं पोट ऐकू येतं, त्याला दहा फुटांवरची बायको ऐकू आली नाही. का आली नाही, याचा मी आठ दिवस विचार करतोय.

घरी मी एवढंच सांगितलंय की नोटीस कुठेतरी गहाळ झाली, म्हणून परवाना गेला. तुझ्या निवेदनाचं बोललो नाही. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली, मग पुन्हा सुरू झाली. मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. घरात सगळं व्यवस्थित चाललंय. भाजीत मीठसुद्धा बरोबर असतं.

दाजी


२ ऑगस्ट

फौजदार,

अखेर तुझी चिठ्ठी आली. चार ओळी. 'दाजी, तुम्ही थकला होतात. कोणीतरी हे करायलाच हवं होतं. एक दिवस तुम्हाला पटेल. ताईला यात ओढू नका.'

ओढलं कोणी? 'माझ्या बहिणीसमक्ष' हे तुझ्या अक्षरात आहे. माझं अपील ऐकणाऱ्या बाईंनी ते वाचूनच तिला बोलावलंय. २० तारखेला, मी, तू आणि ती. समन्स घरी आलं तेव्हा दार तिनंच उघडलं. वाचलं, घडी घातली आणि मला म्हणाली, "जाऊ." पुढे एक शब्द नाही. कोणाच्या बाजूनं जाऊ, तेही नाही. मला वाटतं ती तुझ्या बाजूनं बोलेल. तू तिच्या कडेवर वाढलास. मी फक्त नवरा आहे.

परवा मास्तरांना भेटायला गेलो होतो. घाबरतच गेलो. ते कॉटवर पाय लांब करून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. म्हणाले, "या, तुमच्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा सगळी कोडी पूर्ण होतायत." मी रडलो. साठीचा माणूस, पाहुणा म्हणून गेलेला, आणि त्यांनाच मला पाणी द्यायला लेकीला हाक मारावी लागली.

त्यांना जे सांगितलं ते तुलाही लिहून ठेवतो, म्हणजे हे पत्र कोणी पुढे केलं तर अर्धं राहायला नको. त्या लिफ्टची टिक मी मार्चमध्ये ऐकली होती. तुला त्याच दिवशी म्हणालो होतो, महिन्याच्या आत दोर बदल. तू म्हणालास, झालं समजा. झालं का ते मी परत जाऊन ऐकलं नाही. बत्तीस वर्षांत मी दुसऱ्या कोणाचं 'झालं समजा' चालवून घेतलं नव्हतं. तुझं घेतलं, कारण दोर धरायला वर तू होतास. म्हणून मास्तरांचा पाय माझ्याही माथी आहे, आणि ते मी बाईंना सांगणार आहे. पण तो माझा गुन्हा आहे, माझ्या तोंडून सांगायचा होता. तू माझ्या वतीनं दुसराच सांगितलास.

दाजी


२१ ऑगस्ट

फौजदार,

तू काल आला नाहीस. ताप आल्याची चिठ्ठी पाठवलीस. म्हणून जे झालं ते कळवतो. यानंतर लिहिणार नाही.

खोली लहान होती. बाईंचं टेबल, चार खुर्च्या, खिडकीत वाळलेली कुंडी. त्यांनी आधी माझं ऐकलं. मार्चमध्ये ऐकलेल्या त्या टिकचं सगळं सांगितलं. त्यांनी मान वर न करता लिहून घेतलं. मग तुझं निवेदन वाचलं आणि तुझ्या ताईला विचारलं, नोटीस तुमच्यासमोर यांच्या हातात दिली, हे खरं का?

मी खिडकीकडे बघत होतो. ज्या आवाजाची भीती असते तो ऐकताना माणसाला कुठेतरी बघावं लागतं.

ती म्हणाली, "नाही. नोटीस यांना मिळालीच नाही. ती माझ्या पिशवीत होती."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"निघायच्या आदल्या दिवशी भावानं माझ्याकडे दिली. म्हणाला, एकोणीस तारीख गेली की देऊ. सगळी सहल ती माझ्याजवळच होती." मग तिनं मांडीवरच्या त्याच तपकिरी पिशवीची चेन उघडली, आतल्या कप्प्यातून पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. पाकिटाला पेपरमिंटचा वास येत होता. त्याच कप्प्यातून ती मला घाटात पेपरमिंटच्या गोळ्या देत होती, मळमळू नये म्हणून. प्रत्येक वळणाला एक.

बाईंनी फाइलमधला तू पाठवलेला फोटो काढला. फोटोकडे बघितलं, मग तिच्या मांडीकडे. फोटो माझ्यापुढे सरकवून त्यांनी खांद्यावरच्या पिशवीवर बोट ठेवलं. "हीच का?"

मी म्हणालो, हीच.

तुझा पुरावा चोख होता, फौजदार. मी नोटीस खांद्याला लावून डोंगर चढलो होतो आणि वर पोचून हसलो होतो.

तिथली लिफ्ट बंद होती. आम्ही चार मजले पायऱ्यांनी उतरलो. दुसऱ्या मजल्यावर ती कठड्याला धरून थांबली आणि माझ्याकडे न बघता बोलली. "तो म्हणाला, तुम्ही हजर राहिला नाहीत तर फक्त परवान्याचा कागद जाईल. काम तो बघेल, तुम्ही घरी बसाल. मला तुम्ही घरी हवे होतात. साठीचा माणूस लिफ्टच्या टपावर चढतो आणि मी रोज फोनकडे बघत बसते. त्यानं तुमच्यावर ठपका ठेवलाय, हे मला आज त्या बाई वाचत होत्या तेव्हा कळलं."

मी म्हणालो, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही गेला असतात."

हे खरं आहे. खाली येईपर्यंत तिच्या चपला आणि माझे बूट, एवढाच आवाज होता.

परवाना परत मिळेल, असं कारकुनानं हळूच सांगितलं. टिक ऐकून मागोवा न घेतल्याबद्दल ताकीद बसेल, ती मला मान्य आहे. तुझ्यावर वेगळी चौकशी लागेल. सासूबाईंना मी काही सांगितलेलं नाही. त्यांना अजून हत्तींची स्वप्नं पडतात, तेवढं पुरे आहे.

त्या मधवाल्याचं उत्तर राहिलं होतं. मेहुण्याशी भांडण झालं तर काय करता, असं विचारल्यावर तो म्हणाला होता, "त्या वर्षी उतरत नाही. मध माश्यांना." किती साधा हिशोब. पण त्याच्या बायकोनं भावाला साथ दिली तर काय करायचं, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. आणि तिनं ते माझ्या जिवाच्या काळजीनं केलं असेल तर काय, हे विचारलं असतं तरी त्या म्हाताऱ्याकडे उत्तर असतं असं वाटत नाही. तुला मी सोडून देऊ शकतो. तसा सोडलाच आहे. तिच्याबरोबर मला जेवायचं असतं.

आज ती नेहमीसारखी उठली, चहा टाकला, माझा डबा भरला. जाताना "जपून" म्हणाली. ती पिशवी दारामागच्या खुंटीवर असते, लग्न झाल्यापासूनची जागा आहे तिची. खुंटी तीच, बाई तीच, पिशव्या बदलल्या असतील पाच-सहा. इतक्या वर्षांत त्यांच्या चेनचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

आता मी घरात कुठेही असलो तरी ऐकू येतो.

दाजी